शपथेचं दुसरं वाक्य

शिवा गवंडीचा खांदा निखळला तेव्हा मैदानावर आम्ही चौघंच होतो. गुरुवारची सकाळ होती. प्रॅक्टिस संपली होती आणि बाकीची पोरं सायकली काढून कामाधंद्याला गेली होती. शिवा आमचा गोलकीपर. मीच त्याला म्हटलं, आणखी दहा शॉट घे आणि मग जा. दहावा शॉट मी त्याच्या उजव्या अंगाला, वर मारला. त्यानं झेप घेतली, बॉल बाहेर काढला आणि खाली पडला, तो उठेचना.

तात्या धावत आले. धावत म्हणजे त्यांच्या पद्धतीनं, एक गुडघा न वाकवता. त्यांनी शिवाच्या खांद्याकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "गणूवस्तादाला बोलव. आणि आरडाओरडा करू नगंस."

गणूवस्ताद आमच्या तालमीचा हाडवैद्य. तो रोज सकाळी मैदानाच्या कडेला उभा राहून तोंडात मिश्री फिरवत प्रॅक्टिस बघायचा. त्यानं चूळ भरली, शिवाच्या काखेत टाच रोवली आणि हात ओढून खांदा जागेवर बसवला. शिवा ओरडला नाही, पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वस्ताद म्हणाला, तीन आठवडे हा हात खांद्याच्या वर जायचा नाही. आणि फायनल रविवारी होती, पलीकडच्या पेठेतल्या कमळेश्वर तालमीशी. दुसरा गोली होता, पण तो आदल्याच दिवशी बेळगावला भरतीला गेला होता.

तात्या तिथंच मातीत बसले. मग म्हणाले, "शिवाच खेळणार. उजव्या अंगाचं शशा बघंल. आनी ही गोष्ट आपल्या चौघांत ऱ्हाईल. घरातबी न्हाई आनी दारातबी न्हाई."

आम्ही तिघांनी माना हलवल्या. माझी मान सगळ्यांत आधी हलली असावी. कारण शॉट माझा होता.

तात्या म्हणजे आकाराम इंगवले. आमच्या दगडी तालमीच्या फुटबॉल टीमचे तीस वर्षांचे मॅनेजर. कोल्हापुरात मॅनेजर म्हणजे सगळंच. टीम तोच लावणार, प्रॅक्टिस तोच घेणार आणि पोराला बाहेर का बसवलं ते त्याच्या आईला तोच समजावणार. तरुणपणी तात्या मुंबईला एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि गिरणीच्या टीममधून खेळायचे. त्या टीमचा मॅनेजर होता गिरणीतलाच विणकाम मास्तर, मॅक्लीन नावाचा स्कॉटलंडचा म्हातारा. तो स्वतः त्याच्या गावाकडं क्लबातून खेळलेला, पाय मोडल्यावर मॅनेजर झालेला आणि पुढं पोटामागं इकडं आलेला. बॉल हवेत उडवायचा नाही, जमिनीवरून एकमेकाच्या पायात द्यायचा, हा त्याचा खेळ. तात्यांचा गुडघा गेला त्या दिवशी साहेबानं स्वतःची पितळी शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली आणि सांगितलं, आता बाहेर उभा राहून खेळ. ती शिट्टी घेऊन तात्या अठ्ठावन्न साली गावी परत आले. इथं त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि टीम हातात घेतली. बायको लवकर गेली, एकुलत्या मुलीचं लग्न इचलकरंजीला झालं. मग दुकान आणि मैदान, यापलीकडं त्यांना काही उरलं नाही.

घरातबी न्हाई आनी दारातबी न्हाई, हा नियमसुद्धा साहेबाचाच. खेळाडूच्या अंगात कुठं दुखतं ते फक्त खेळाडूला आणि मॅनेजरला ठाऊक असावं, बायकोलासुद्धा नसावं. तात्या तो नियम सोवळ्यासारखा पाळायचे. आम्ही पोरं त्यावरून त्यांची चेष्टा करायचो.

माझं वय तेव्हा तेवीस. मी स्टॉपरला, म्हणजे गोलीच्या पुढं मधोमध, खेळायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो.

शुक्रवारी माझ्या भाच्याचं जावळ होतं. माझी थोरली बहीण मालनअक्का कमळेश्वर तालमीच्या पेठेत दिलेली. दोन पेठांत सोयरीक होत नाही असं नाही, पण आमच्या वडिलांना ती मनातून पसंत नव्हती. आप्पा दगडी तालमीचे जुने पैलवान. लग्न लावून दिलं, पण लेकीच्या उंबऱ्यावर त्यांनी पाय ठेवला नाही. फुटबॉलचा सीझन आला की ते जावयाचं नावही घ्यायचे नाहीत. तिकडं सासरीही अक्काला सुख नव्हतं असं नाही, पण टोमणे असायचेच. सासू म्हणायची, हिचं अंग इथं आणि जीव दगडी तालमीत. स्टेडियममध्ये बायकांत बसली तर अक्का टाळी वाजवायची नाही, कुणाच्याच गोलला नाही.

माहेरचा म्हणून जावळाला मी एकटा गेलो. बाहेर पंगतीत दाजींचे मित्र माझी खेचत होते. तुझ्या तात्यांनी आता फुटबॉल सोडून भजन धरावं म्हणत होते. मी हसून घेतलं. जेवण झाल्यावर हात धुवायला मागं गेलो, तर स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी. तिनं पदरानं माझा हात पुसला, लहानपणी पुसायची तसा. मग खालच्या आवाजात म्हणाली, "शशा, मी रविवारी सकाळी जोतिबाला नारळ ठेवणार हाय. तुमच्यासाठी. हितं कुणाला ठाऊक न्हाई."

मला भरून आलं. त्या घरात दोन वर्षं ती एकटी होती आणि चोरून आमच्यासाठी नारळ ठेवत होती. मला वाटलं, हिला आपण काहीतरी द्यावं. दुसरं काय देणार होतो मी?

म्हटलं, "नारळ ठेवशील तवा शिवाच्या खांद्याचंबी सांग देवाला. उजवा हात वर जाईना झालाय त्याचा."

बोललो आणि लगेच म्हटलं, हे कुणाला सांगू नगंस. तिनं माझ्या गालावर चापट मारली. म्हणाली, मी कुणाला सांगणार आहे.

रविवारी स्टेडियम गच्च भरलं होतं. एका बाजूला आमची पेठ, दुसऱ्या बाजूला त्यांची, मध्ये पोलीस. चौथ्या मिनिटाला त्यांच्या फॉरवर्डनं तीस यार्डावरून शॉट घेतला, शिवाच्या उजव्या अंगाला, वर. बॉल बारवरून गेला. आमचे लोक हसले, एवढ्या लांबून कोण मारतं म्हणून. मला हसू आलं नाही. मी अक्काकडं बघायला बायकांच्या बाजूला मान वळवली, पण एवढ्या गर्दीत ती कुठली दिसायला. दोन मिनिटांनी दुसरा शॉट, तिथंच. तिसरा, तिथंच. मग मी माझी जागा सोडली आणि शिवाच्या उजव्या हाताशी जाऊन उभा राहिलो, तशी मध्ये मोकळी वाट पडली. पहिला गोल त्या वाटेनं आला, दुसरा वरून उजव्या कोपऱ्यात. शेवटच्या दहा मिनिटांत कॉर्नरला त्यांचे दोघं शिवाच्या त्याच खांद्यावर चढले. तो पडला आणि त्याला चौघांनी उचलून बाहेर नेला. आम्ही दोन-एक हरलो.

बाहेर आमचेच लोक शिवाला शिव्या घालत होते. दोन्ही गोल साधे होते, हात वर केला असता तर निघाले असते, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. तेव्हा तात्या स्टँडवर चढले आणि त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. पोराचा खांदा गुरुवारीच निखळला होता, मी त्याला खेळवला, शिव्या द्यायच्या तर मला द्या. शिव्या थांबल्या. पण मग दुसराच प्रश्न उभा राहिला. खांद्याचं त्यांना कळलं कसं?

चौघांना ठाऊक होतं. शिवा, गणूवस्ताद, मी आणि तात्या.

सोमवारी तालमीत बैठक बसली. अध्यक्ष शामराव घाटगे म्हणाले, गुरुवारी चौघांनीही मारुतीपुढं बेलभंडारा उचलायचा. आमच्याकडं ही शेवटची शपथ. भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस पुन्हा पेठेत उभा राहू शकत नाही, आणि उचलायला जो नाही म्हणतो तो गुन्हेगारच. शामरावांनी शपथेची वाक्यंही ठरवून दिली. एक, शिवाच्या खांद्याची गोष्ट मी बाहेर फोडली नाही. दोन, ती कुणी फोडली ते मला ठाऊक नाही.

तात्या म्हणाले, "पहिलं वाक्य पुरं की. दुसरं कशाला?"

"एकानं फोडायचं आनी दुसऱ्यानं झाकायचं, तर दोघंबी सारखेच," शामराव म्हणाले.

तात्यांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. एकच वाक्य ठेवा, शपथ जेवढी लहान तेवढी बरी. शामरावांनी मान हलवली नाही. दोघाचौघांनी एकमेकांकडं पाहिलं, ते मी पाहिलं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, शशिकांतची बहीण तिकडंच दिलीय की. तसे आप्पा उठले. माझे वडील कधी बैठकीत बोलत नसत. ते म्हणाले, माझा पोरगा पहिल्यांदा उचलंल. आणि माझ्या घरातनं गोष्ट गेली असं निघालं, तर माझ्या दारात माझी लेकही पुन्हा येणार नाही.

त्यांना वाटलं असेल की आपण पोराची बाजू घेतली. त्यांनी माझ्या गळ्याला फास लावला होता. खरं सांगायचं तर अक्काचं माहेर जाईल, घर मोडेल, असं आपण मनाशी घोकत होतो म्हणून गप्प बसलो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. मला खेळायचं होतं. पुढच्या सीझनला मी कॅप्टन होणार होतो.

बुधवारी संध्याकाळी तात्या आमच्या बोळाच्या तोंडाशी उभे राहून मला हाक मारू लागले. आम्ही रंकाळ्यावर चालत गेलो. ते सायकल हातात धरून, मी त्यांच्या शेजारून. त्यांनी भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि अर्ध्या माझ्या हातावर ओतल्या. कठड्यावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. शिवाला दवाखान्यातून सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गोलमध्ये आता विसरा. तात्यांनी ते सांगितलं आणि टरफलं पायानं गोळा करत बसले.

मग म्हणाले, "मालन बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की."

"जाणंयेणं ठेव तिच्याकडं. काय बी झालं तरी ठेव. पोरीला माहेर लागतं."

मी हो म्हटलं.

"शशा, उद्या भंडारा उचलायचा हाय. काय सांगायचं आसलं तर आज सांग. आज मी मॅनेजर हाय. टीमचं काय आसंल ते मी बघून घेतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. समोर पाण्याकडं बघत होते. मला वाटलं, हे आम्हा तिघांनाही असंच एकेकट्याला विचारत असणार. खडा टाकून बघतायत. मी माझ्या आवाजावर फार खूश होतो, कारण तो कापला नाही.

"मला काय सांगायचं आसनार, तात्या?"

ते थोडा वेळ थांबले. अजूनही मला ते थांबणं आठवतं. तेवढ्यात मी काहीही बोलू शकलो असतो. मग "बरं" म्हणाले, उरलेल्या शेंगा माझ्या खिशात कोंबल्या आणि सायकल फिरवली.

गुरुवारी सकाळी तालीम भरून गेली. कुस्तीच्या हौद्याच्या कडेनं लोक दाटीवाटीनं उभे. मारुतीपुढं पितळी ताट, त्यात भंडाऱ्याचा ढीग आणि वर बेलाचं पान. आप्पा पुढंच उभे होते. माझं नाव पहिलं पुकारलं.

मी गेलो. भंडारा उजव्या मुठीत घेतला, पान वर ठेवलं आणि दोन्ही वाक्यं म्हटली. मारुतीकडं बघायचं धाडस झालं नाही, म्हणून मी ताटाच्या काठाकडं बघत बोललो. मागं आप्पांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थोपटतील असं वाटलं, आणि त्यांनी थोपटलंही.

मग गणूवस्ताद आला. त्यानं उचलला. शिवा आला. त्याचा उजवा हात झोळीत होता, डाव्या हातानं शपथ चालेल का यावर थोडी कुजबुज झाली. शामराव म्हणाले, चालेल, उजवा त्यानं पेठेलाच दिलाय. शिवानं डाव्या हातानं उचलला.

शेवटी तात्या. ते ताटापुढं उभे राहिले. धुतलेला सदरा, गळ्यात शिट्टी. त्यांनी हात पुढं केला, बेलाच्या पानापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. मग मागं घेतला.

"मला उचलता यायचा न्हाई," ते म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. शामरावांनी विचारलं, म्हणजे काय. तात्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. शामराव म्हणाले, तात्या, याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तात्यांनी मान हलवली. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, भंडाऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि वाकून मारुतीला नमस्कार केला. गर्दीनं त्यांना वाट दिली. पायातल्या वहाणा ते बाहेर विसरून गेले, आणि कुणी त्या त्यांना नेऊन दिल्या नाहीत. मीही नाही.

माझ्या हाताला भंडाऱ्याचा पिवळा रंग दिवसभर तसाच राहिला. आईनं त्या दिवशी गोड केलं होतं.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. तात्या गेल्यावर मला सुटल्यासारखं झालं, आणि आठ दिवसांत माझी खात्रीही पटत गेली. तात्यांनीही कुणाला तरी सांगितलं असणार. नाहीतर त्यांनी भंडारा का उचलला नाही? बैठकीत दुसऱ्या वाक्याला ते उगाच अडून बसले होते काय? लोक हेच बोलत होते आणि मी त्यांच्यात उभा राहून मान डोलवत होतो. माझ्यामुळं हरलोच असं नाही, असं मला वाटू लागलं. माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो, ते मी तेव्हा पाहिलं.

तात्यांच्या दुकानात सायकल न्यायची पेठेनं बंद केली. पोरं त्यांना बघून रस्ता बदलायची. दिवाळीच्या आधी ते दुकान बंद करून इचलकरंजीला लेकीकडं गेले आणि छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा मागावर उभे राहिले. शिवानं गवंडीकाम सोडलं आणि किराण्याचं छोटं दुकान टाकलं. मी पुढच्या सीझनला कॅप्टन झालो. आणखी सात वर्षांनी मॅनेजर झालो. शिट्टी तोवर मारुतीच्या कोनाड्यात पडून होती. शामरावांनी ती काढून, चिंचेनं घासून माझ्या गळ्यात घातली, ती पुढं गळ्यातच राहिली.

त्यानंतर तात्यांची माझी एकदाच गाठ पडली. इचलकरंजीला एक टुर्नामेंट होती, मी टीम घेऊन गेलो होतो. दुसऱ्या हाफमध्ये बघतो तर कुंपणापलीकडं तात्या उभे. केस पूर्ण पांढरे, सदऱ्यावर सुताचे धागे चिकटलेले. माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडं त्यांनी एकदा पाहिलं. मी कुंपणापाशी गेलो.

"तुझा लेफ्ट बॅक लई फुडं जायलाय," ते म्हणाले. "त्याला मागं घे. तिकडनंच गोल बसंल."

मी पोराला ओरडून मागं घेतलं. मग काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघालं, "तात्या, त्या दिवशी…"

"मॅच चालू हाय," ते म्हणाले. "खेळाकडं बघ."

मी खेळाकडं पाहिलं. मॅच संपल्यावर वळलो तर ते तिथं नव्हते. लेकीचं घर शोधून जाता आलं असतं. टीमची गाडी थांबली आहे, असं मी मनाशी म्हटलं.

तात्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. बातमी पेठेत आली तेव्हा नव्या पोरांनी विचारलं, कोण आकाराम इंगवले? दोन दिवसांनी दुपारी दाजी माझ्याकडं आले. आता तेही साठीच्या पुढं गेलेले, साखरेनं पाय सुजलेले. अक्का जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दाजी खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, तुला एक सांगायचं होतं, पण तात्या जिवंत असेपर्यंत सांगणार नाही असा त्यांना शब्द दिला होता.

त्या शुक्रवारी रात्री सासू अक्काला फार बोलली होती. भावाला बघून कशी फुलली, आमच्या पेठेचं तिला काही नाही, असलंच काहीबाही. अक्का रडत दाजींना म्हणाली, मी तुमचीच आहे. तेव्हा तिच्या तोंडून खांद्याचं निघून गेलं. दाजींनी ते टीमला सांगितलं. त्यानंतर तिनं जन्मभर त्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

"आनी मॅच झाल्यावर मी गुलालात होतो," दाजी म्हणाले. "थोडी घेतलीबी होती. स्टेडियमच्या मागं तात्या एकटेच भेटले. मी त्यांच्या पाया पडलो आनी म्हटलं, तात्या, राग मानू नगासा, आमच्या मालनीनं साथ दिली. येड्यासारखा बोलून गेलो."

"तात्या काय म्हणाले?"

"मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, हे आजपासनं तुला आनी मलाच ठाऊक. पोरीचं माहेर तुटता कामा नये. आनी शशा अजून ल्हान हाय, तो काय ते स्वतःच सांगंल."

दाजी गेल्यावर मी तिथंच बसून राहिलो. शशा अजून ल्हान हाय. तेवीस वर्षांचा घोडा होतो मी. रविवारी संध्याकाळीच त्यांना सगळं कळलं होतं. सोमवारी ते दुसरं वाक्य काढा म्हणून भांडले. बुधवारी शेंगा घेऊन माझ्याशेजारी बसले आणि मी बोलायची वाट बघत राहिले. गुरुवारी त्यांच्या डोळ्यांदेखत मी भंडारा उचलला. मग त्यांची पाळी आली. पहिलं वाक्य ते छातीठोकपणे म्हणू शकले असते. कुणी फोडली ते मला ठाऊक नाही, हे त्यांना मारुतीपुढं म्हणता येईना. आणि नाव घेणंही त्यांना जमेना.

संध्याकाळपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. मी तसाच उठलो आणि शिवाच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. शिवा गल्ल्यामागं बसून डाव्या हातानं पुड्या बांधत होता. शामराव गेले, आप्पा गेले, गणूवस्तादही गेला. त्या गुरुवारच्या मैदानावरचे आता आम्ही दोघंच उरलो होतो. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. जावळ, अक्काचा नारळ, रंकाळा, भंडारा, दाजी. सांगताना मधेच गळ्यातली शिट्टी काढून मी गल्ल्यावर ठेवली. तात्यांनी ठेवली होती तशीच, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

शिवानं हातातली पुडी पूर्ण बांधली. दोरा तोडला. माझ्याकडं पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"अठ्ठावीस वर्षं झाली, शशा," तो म्हणाला. "आनी तात्या गेल्यावर सांगायलास व्हय?"

त्यानं शिट्टी उचलली नाही, परतही दिली नाही. जेवायची वेळ झाली म्हणून तो उठला आणि शटर ओढायला बाहेर आला. सवयीनं त्यानं उजवा हात वर केला. तो खांद्यापाशीच थांबला. मी पुढं होऊन शटरला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," शिवा म्हणाला. त्यानं कोपऱ्यातली आकड्याची काठी डाव्या हातात घेतली आणि शटर स्वतःच खाली ओढलं. शिट्टी आत गल्ल्यावरच राहिली.